टी.वाय.च्या अपसामान्य मानसशास्त्राची गाईड: पहिलं प्रकरण वाचा, पण हातात लाल पेन ठेवून

जळगाव, धुळे, चोपडा, शहादा, कुठल्याही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अपसामान्य मानसशास्त्राची मराठी गाईड मागितली की पिवळट कागदाची, स्टेपल मारलेली दीडेकशे पानांची पुस्तिका हातात येते. छापील किंमत १५०, दुकानदार १२० ला देतो. अशा तीन-चार गाईड बाजारात आहेत. मुखपृष्ठं वेगळी, पण पहिलं प्रकरण एकमेकींवरून उतरवल्यासारखं, म्हणून प्रकाशकाचं नाव घेण्यात अर्थ नाही. हे परीक्षण त्या पहिल्या प्रकरणाचं, त्यातही ‘सामाजिक नियमांपासून विचलन’ या सहा पानांचं आहे. पुढची प्रकरणं पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. ही सहा पानं डोक्यात राहतात. पुढे तीच पोरं शाळेत शिक्षक होतात, पोलिसात जातात, समुपदेशनाला बसतात आणि समोरच्या माणसाला या सहा पानांच्या मापानं मोजतात.

मत आधीच सांगून टाकतो. व्याख्या बरोबर, उदाहरणं उसनी, कायदा जुना. आणि हा निकष नेमका कशासाठी वापरायचा, तेच उलटं शिकवलंय.

सुरुवात चांगली आहे. समाजानं वागण्याचे काही लिखित, काही अलिखित नियम घालून दिलेले असतात; ते मोडणारं, इतरांना खटकणारं वागणं म्हणजे अपसामान्य, अशी दोन ओळींची व्याख्या. लगेच खाली स्थळ, काळ, वय, लिंग आणि प्रसंग बदलला की नियमही बदलतो, हे सांगितलंय. पाच वर्षांचं पोर अंगणात उघडं फिरलं तर कुणी वळून बघत नाही, पन्नाशीचा गृहस्थ फिरला तर गल्ली गोळा होते, हे उदाहरण चपखल. सांख्यिकीय निकषाशी केलेली तुलनाही नीट आहे. किती जण असं वागतात हा सांख्यिकीचा प्रश्न, आणि असं वागावं का हा सामाजिक निकषाचा. विलक्षण हुशार मुलगी सांख्यिकीच्या हिशेबानं अपसामान्य ठरते, गाव मात्र तिचा सत्कार करतं.

त्याच पानावरचा एक आकडा मात्र खोडून टाका. बुद्धिगुणांक ७० च्या खाली ५ टक्के लोक असतात, असं छापलंय. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ धरलं तर ७० म्हणजे दोन प्रमाण विचलनं खाली. त्याच्या खाली साधारण २.३ टक्केच येतात. ५ टक्के हा वरचं आणि खालचं अशी दोन्ही टोकं मिळून होणारा ढोबळ आकडा आहे.

उदाहरणांपासून घसरण सुरू होते. लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभा राहणारा माणूस, समुद्रकिनाऱ्यावर चालणारे पण ऑफिसात न चालणारे कपडे. तळोद्याच्या विद्यार्थ्याला लिफ्टचं काय? परदेशी पुस्तकातून आलेली ही उदाहरणं चुकीची नाहीत, पण त्यांतून नियमाचा जोर कळत नाही. ज्या भागात नियम इतके घट्ट आहेत आणि दर पंचवीस कोसांवर बदलतात, तिथं लिफ्ट शोधत जायची गरज नव्हती.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी घ्या. नवस फेडणारे पुरुष होळीआधी खाट सोडून जमिनीवर झोपतात, अंघोळ टाळतात, अंगावर राखेची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात आणि कमरेला घुंगरू, सुके भोपळे बांधून रात्रभर नाचतात. हेच वर्णन गावाचं आणि सणाचं नाव काढून वर्गात वाचून दाखवलं, तर बहुतेक हात ‘अपसामान्य’ला वर होतील. अंघोळ नाही, झोप जमिनीवर, पेहराव विचित्र. रुग्णाच्या तपासणीत या तिन्ही गोष्टी नोंदल्या जातात. सणाचं नाव सांगितलं की प्रश्नच मिटतो, कारण तो माणूस नियम मोडत नाहीये, सगळ्यांपेक्षा कडक पाळतोय. होळी उलटून महिना झाला तरी तो एकटाच राख फासून, न जेवता, न बोलता बसला असेल, तर मात्र त्याचेच भाऊबंद काळजीत पडतील. तिथं चौकशी सुरू करायची. वागणं दोन्हीकडे बरंचसं तेच आहे. नियम कुणाचा आणि प्रसंग कोणता, हा खरा फरक.

गाईडमधला सगळ्यात मोठा गोंधळ ‘अंगात येणे’ या चौकटीत आहे. चार ओळींत ही अंधश्रद्धा आणि मनोविकृती असल्याचं ठोकून दिलंय. परीक्षेत गुण मिळतील, पण कामाला लागल्यावर हे वाक्य नुकसान करतं. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, भान हरपण्याच्या आणि संचाराच्या विकारासाठी एफ ४४.३ ही नोंद होती. तिथंच अट घातलेली आहे की ही अवस्था माणसाच्या इच्छेविरुद्ध येणारी किंवा त्याला नकोशी असली पाहिजे आणि धार्मिक किंवा त्या संस्कृतीत मान्य असलेल्या प्रसंगाबाहेर घडत असली पाहिजे. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही, व्यापकपणे मान्य असलेल्या सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रथेचा तो सामान्य भाग असेल तर निदान करायचं नाही, अशी स्वतंत्र अट आहे. म्हणजे श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत एखादीच्या अंगात आलं, बायांनी तिला हळदीकुंकू लावलं, वाजंत्री थांबल्यावर ती पाणी प्यायली आणि रोटाच्या, म्हणजे प्रसादाच्या, जेवणाला पंगतीत बसली, तर कुठल्याही पुस्तकात तो आजार नाही. ती बाई ‘येडी’ नाही, आणि तिला तसं म्हणणाऱ्या शहाण्या भाच्यालाच समज द्यायला हवी.

तीच बाई मंगळवारी चुलीपाशी, मग शेतात, मग बाळाला पाजताना घुमायला लागली, तिला स्वतःला ते नकोसं झालंय, पोटात अन्न नाही, बाळाकडे लक्ष नाही, तर गोष्ट वेगळी. इथं विचारायचे प्रश्न गाईडमध्ये हवे होते, ते नाहीत. कधी येतं, फक्त सणाला की केव्हाही? सुरू होण्यावर आणि थांबण्यावर तिचा किंवा गुरवाचा काही ताबा आहे का? नंतर किती वेळात ती कामाला लागते? तिला स्वतःला ते हवंय का? आणि शेवटचा, सगळ्यात उपयोगाचा: ज्या बायका तीच देवी मानतात त्यांना हे बरोबर वाटतंय का? बाहेरच्या माणसाला विचारून उपयोग नाही, त्याला सगळंच विचित्र दिसतं. भाविक बायाच जर ‘हे देवीचं नाही, हे काहीतरी दुसरंच आहे’ म्हणत असतील, तर ती फार विश्वासार्ह खूण आहे. याखेरीज जीभ चावली जाणं, कपड्यांत लघवी होणं, पडून मार लागणं, आधी कधी डोक्याला इजा झालेली असणं, यातलं काही असेल तर आधी फिट्सचा विचार करून डॉक्टरकडे न्यायचं. ही ओळ नाही, हे गाईडचं खरोखर घातक दुर्लक्ष.

मुद्दा असा, की सामाजिक नियमाचा निकष माणसाला आजारी ठरवायला फार कच्चा आहे. मात्र विचित्र दिसणाऱ्या वागण्यावरचा संशय काढून टाकायला तो चांगला. ही चाळणी आहे. गाईड तिला तराजू म्हणून विकते.

कायद्यानंही हेच धरलंय, आणि इथं गाईड सपशेल नापास. प्रकरणाच्या शेवटी मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ चा उल्लेख आहे. तो रद्द होऊन मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. या नव्या कायद्याचं कलम ३ म्हणजे या प्रकरणाचं थेट उत्तर. पोटकलम ३ सांगतं की राजकीय, आर्थिक, सामाजिक दर्जा किंवा एखाद्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटातलं असणं यावरून मानसिक आजार ठरवायचा नाही. त्याच्याच ‘ख’ भागात आणखी स्पष्ट: समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, कामाविषयीची वा राजकीय मूल्यं किंवा धार्मिक श्रद्धा माणूस पाळत नाही, म्हणून तो आजारी ठरत नाही. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आज कुणाला आजारी ठरवता येत नाही. आणि आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप कायद्याच्या भाषेत वेडा ठरत नाही. ते सक्षम न्यायालय ठरवतं.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. पोरीनं ठरलेलं लग्न मोडलं, जातीबाहेर लग्न करायचं म्हणते, विधवा सून माहेरी न जाता स्वतःचं दुकान टाकते, पोरगा देवळात जायचं सोडतो. अशा वेळी ‘डोक्यावर परिणाम झाल्याचं’ सर्टिफिकेट मागायला घरचे दवाखान्यात येतात. अशा सर्टिफिकेटला कलम ३ मध्ये जागा नाही. मग आजार कशाला म्हणायचं, याची व्याख्या कलम २ मध्ये आहे. विचार, मनःस्थिती, संवेदन, भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड हवा, आणि त्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवणं गंभीरपणे ढासळलेलं हवं. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्यात येतात. मतिमंदत्व येत नाही. या व्याख्येत ‘समाजाला खटकणं’ हा शब्दप्रयोग कुठंच नाही, हे विद्यार्थ्यांना अधोरेखित करून दाखवण्यासारखं आहे.

इतिहासाचं पान वाचून तर राग येतो. नियमभंगाचं उदाहरण म्हणून समलिंगी आकर्षण अजून ‘लैंगिक विकृती’ खाली छापलंय. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं ते १९७३ मध्ये विकारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा दंड संहितेच्या कलम ३७७ चा गुन्हाही रद्द केला. हे उदाहरण द्यायचंच असेल तर निकषाची मर्यादा म्हणून द्या: लोकांचं मत आणि नियम बदलले, तसा कालचा ‘आजार’ नाहीसा झाला. याच्या शेजारी १८५१ मधलं सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरचं उदाहरण ठेवा. मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना त्यानं ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा रोग लावला होता. सोव्हिएत रशियात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना ‘संथ स्किझोफ्रेनिया’चं निदान देऊन रुग्णालयात कोंडलं जायचं. नियम ज्याच्या हातात, निदानही त्याच्याच हातात, हे या दोन उदाहरणांतून एका दमात कळतं. गाईडमध्ये दोन्ही नाहीत.

जवळचं उदाहरण हवं असेल तर सातपुड्यात डाकीण ठरवल्या जाणाऱ्या बायका आहेत. एकटी राहणारी, जमीन नावावर असलेली, उलट उत्तर देणारी बाई, आणि गावात एखादं मूल दगावलं, की बोट तिच्याकडे. इथं बिघाड तिच्यात नाहीच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशा छळाला गुन्हा ठरवलंय. मानसशास्त्राच्या तासाला हे सांगणं विषयांतर नाही.

एका ठिकाणी मात्र नियमभंग खुद्द निदानाच्या आत बसलेला आहे, आणि हुशार विद्यार्थी तिथंच अडवतात. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराच्या डीएसएम-५ मधल्या सात लक्षणांपैकी पहिलंच, कायदेशीर वागण्याबाबतचे सामाजिक नियम न पाळणं. मग गिरणा नदीच्या पात्रातून रात्री ट्रॅक्टरनं वाळू उपसणारा रुग्ण का? नाही. सातपैकी किमान तीन लक्षणं लागतात, त्यांत फसवणूक, आततायीपणा, आक्रमकता, बेपर्वाई, बेजबाबदारपणा, पश्चात्ताप नसणं येतं. वय किमान १८ हवं, १५ च्या आधीपासून वर्तन विकाराची (लहानपणीच सतत नियम मोडणं, इतरांना त्रास देणं) चिन्हं दिसलेली हवीत, आणि हे सगळं फक्त स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकाराच्या काळातलं नको. वाळूवाला पोरांच्या फिया वेळेवर भरतो, मित्राला दिलेला शब्द पाळतो आणि तहसीलदाराला पाहून पळतो. तो गुन्हेगार आहे, त्यासाठी पोलीस आहेत. डीएसएम-५ ची सर्वसाधारण व्याख्याही हेच म्हणते: राजकीय, धार्मिक, लैंगिक वेगळेपण किंवा व्यक्ती आणि समाज यांच्यातला संघर्ष हा विकार नव्हे, त्या व्यक्तीच्या आतल्या बिघाडातून तो आला असेल तरच विकार.

उलट बाजू गाईडनं पूर्ण सोडलीय. एकही नियम न मोडता माणूस आतून ढासळलेला असतो. पहाटे उठून भाकरी थापणारी, पाहुण्यांना चहा करणारी, डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई सहा महिने नीट झोपलेली नसते, कशातच मन लागत नसतं, मरणाचे विचार येत असतात. कापसाचे पैसे अडकलेला शेतकरी दशक्रियेला, लग्नाला, सगळीकडे हजर असतो. सामाजिक नियमाच्या निकषात ही दोघंही शंभर टक्के पास. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांतलं मानसिक विकारांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत नाहीत असं दिसलं. त्यांत अशी मुकाट माणसं भरपूर.

दारूचं तर विचारूच नका. जिथं मोहाची दारू देवाला चढवली जाते आणि लग्नात सगळे पितात, तिथं पिणं नियमातच आहे, त्यामुळे दारूवरचं अवलंबित्व, म्हणजे व्यसन, नियमाआड लपतं. तिथं नियम बघायचा नाही, लक्षणं मोजायची. अनावर ओढ, प्रमाणावरचा ताबा सुटणं, न प्यायल्यास होणारा त्रास, पूर्वीइतक्यानं न चढणं, बाकी सगळ्यातून मन उडणं, नुकसान दिसूनही न थांबणं. आयसीडी-१० प्रमाणे गेल्या वर्षभरात या सहापैकी तीन एकत्र दिसली की अवलंबित्व. सकाळी हात थरथरत असतील तर घरीच एकदम बंद करायला लावू नका. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

किरकोळ दुरुस्त्या पटकन. आदर्श मानसिक आरोग्याचे सहा निकष सामाजिक नियमांच्या खाली छापलेत. ते मारी जहोदा यांचे, १९५८ चे, आणि तो वेगळा दृष्टिकोन आहे. निरोगी माणसांनी रुग्ण असल्याचं भासवून मनोरुग्णालयात दाखल व्हायचं, अशा डेव्हिड रोझेनहॅन यांच्या १९७३ च्या अभ्यासात ८ खोटे रुग्ण आणि १२ रुग्णालयं होती, गाईडमध्ये दोन्हीकडे ८ पडलंय. त्या अभ्यासाच्या खरेपणावर २०१९ मध्ये गंभीर शंका घेतल्या गेल्या, हेही उत्तरात एका ओळीत लिहा.

दहा गुणांचं उत्तर गाईडवरून लिहायचं असेल तर व्याख्येला दोन ओळी पुरतात, जागा वाचवा. स्थळ-काळाच्या मुद्द्याला एक इथलं उदाहरण, काठी किंवा कानबाई. गुण म्हणून एवढं लिहा की हा निकष वागण्याचे इतरांवर होणारे परिणाम लक्षात घेतो आणि सांस्कृतिक चौकट विचारायला लावतो. निम्मं उत्तर मर्यादांना द्या: काळाप्रमाणे बदलणं, सत्तेकडून गैरवापर, मुकाट दुःख सुटणं. शेवटी कलम ३ लिहिलंत की तपासणारा थांबून वाचतो. अपसामान्य ठरवण्याच्या चारही निकषांचा तक्ता गाईडमध्ये छान आखलाय, तो पाठ करा. फक्त ‘सामाजिक’ रकान्यातलं ‘निदानासाठी उपयुक्त’ खोडून ‘एकट्यानं पुरेसा नाही’ लिहा.

छपाई बरी, टाईप मोठा, रात्री डोळ्यांना त्रास नाही. स्टेपल पंधरा दिवसांत सुटतात, दुकानदाराकडूनच स्पायरल करून घ्या. मलपृष्ठावर चार क्लासच्या जाहिराती आहेत, पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा चोवीस तासांचा मोफत नंबर नाही. मराठीतून बोलता येतं, आतल्या पानावर लिहून ठेवा. निव्वळ पास व्हायचं असेल तर १२० रुपये वसूल आहेत. समुपदेशनाचं काम करणाऱ्यांनी हिच्यावर भागवू नये; २०१७ चा कायदा सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर फुकट मिळतो, कलम २ आणि ३ ची प्रत काढायला दोन-चार पानांचाच खर्च. आणि घेताना काउंटरवरच पहिल्या प्रकरणाचं शेवटचं पान उघडून बघा. तिथं १९८७ दिसलं तर जुनी छपाई आहे, नवी आली का विचारा.